घरचं गिऱ्हाईक

वडगाव रासाईला भीमेच्या काठानं भाजीपाला करणारी घरं पुष्कळ. पण पुण्याच्या मार्केट यार्डात क्रेट उघडून न बघता ज्याच्या मालावर गिऱ्हाईक हात ठेवायचं, असा माणूस एकच, सावळाराम रासकर. बीट, गाजर, लाल माठ, जांभळी वांगी, आणि पुण्यातल्या हॉटेलांना चटक लागल्यापासून जांभळा कोबी. वरून बघा नाहीतर तळाशी हात घालून बघा, माल सारखा. वर देखणं रचायचं आणि खाली कचरा दडपायचा, ही कला ज्यांना येते त्यांना येवो. सावळारामला ती येत नव्हती आणि ह्याचाच त्याला गर्व होता.

गर्व असावा माणसाला. सरूबाईलाही नवऱ्याचा होताच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच्या मांडीला मांडी लावून माल निवडत आली होती. पण ह्या गर्वाला एक शेपूट होतं आणि ते सगळं घरात पसरलेलं होतं. सावळारामच्या बापानं घालून दिलेला कायदा असा: विकायचं ते एक नंबर, शेजारीपाजारी वाणवळा द्यायचं ते दोन नंबर, आणि घरात बदला. बदला म्हणजे तडकलेलं, वाकडं, कोमेजलेलं, किडीनं चाखून सोडून दिलेलं. थोडक्यात, मालावर पहिला मान किडीचा आणि दुसरा मालकाचा. बीट आणि जांभळ्या कोबीचा तर बदलाही घरात येत नव्हता. "आपल्याला कुठं त्येची सवय हाय," म्हणून तो म्हशीपुढं पडायचा. घरात मग बटाट्याचा रस्सा, पिठलं, वरून मूठभर शेव. म्हैस धन्यापेक्षा चांगलं खात होती आणि धन्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर टेम्पोत क्रेट चढवता चढवता सावळाराम घामानं निथळला आणि छाती धरून बांधावरच बसला. मुलगा गोकुळ शहाणा, त्यानं कुणाचा सल्ला ऐकत न बसता बापाला त्याच टेम्पोत घातलं आणि दौंड गाठलं. तिथून पुण्याला. हृदयाच्या दोन नळ्या तुंबल्या होत्या, त्यात स्प्रिंगा घातल्या, आणि माणूस हातचा गेला होता तो माघारी आला. दवाखान्याच्या जिन्यात सरूबाई तोंडात पदर कोंबून रडली. तिथंच तिनं मनाशी ठरवलं की आता हा माणूस मी असा तसा जाऊ द्यायची नाही.

पुढची तपासणी जवळ पडावी म्हणून शिरूरच्या दवाखान्यात. तिथं आहार सांगायला एक पोरगी होती, तेजश्री नावाची. बोलायला गोड आणि कामाला पक्की. तिनं आधी सावळारामकडं बघितलं, मग सरूबाईच्या हातांकडं. सकाळीच बिटाचा पाला कापून आल्यामुळं बोटं लालभडक होती. सरूबाईनं हात पदराखाली घेतले.

"लपवू नका मावशी," तेजश्री म्हणाली. "हाच रंग मला हवाय. तुम्ही साबण लावून जो घालवता, तो काकांच्या पोटात गेला पाहिजे."

मग तिनं समजावून सांगितलं. झाडाला ऊन लागलं म्हणून उठून सावलीत जाता येत नाही, म्हणून ते स्वतःला जपायला अंगातच रंग तयार करतं. गाजराचा केशरी, टोमॅटोचा लाल, वांग्याच्या सालीचा जांभळा. हे रंग आपण खाल्ले की आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर धड राहायला मदत होते. बीट तर रक्तदाबालाही बरं. ताटात रोज दोन-तीन रंग दिसले पाहिजेत. वांग्याची साल काढायची नाही, माठ उकळून त्याचं लाल पाणी ओतून द्यायचं नाही. तेल कमी, मीठ कमी.

"आणि काका, गोळी एकही चुकवायची नाही," तिनं बजावलं. "भाजी गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला. मिळतं ना तुमच्याकडं बीट, लाल माठ, जांभळा कोबी?"

सावळाराम आजारपणानंतर पहिल्यांदा मोकळा हसला. "मिळतं का? आवो ताई, निम्मं पुणं माझ्या हातचं बीट खातंय!"

"मग तर प्रश्नच मिटला," असं म्हणून तेजश्री खूश झाली. डॉक्टरही खूश झाले. सावळाराम तर असा छाती काढून बाहेर आला, की जणू त्याला कुणी फेटा बांधला. पिकवता का, हे विचारून झालं. खाता का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्याच्या घरी खाण आहे तो उपाशी असेल, असं कुणाला वाटतं?

घरी आल्यावर ताट जसंच्या तसं. पांढरं आणि पिवळं. सरूबाईनं एकदा-दोनदा विषय काढला. "आवो, त्या पोरीनं सांगितलंय, बीट खात जावा." त्यावर सावळाराम म्हणायचा, "खाऊ की, बदला निघाला की खाऊ." आणि नेमका त्या वर्षी माल असा उतरला होता की बदला निघेना. चांगलं पीकसुद्धा कधी कधी माणसाच्या मुळावर उठतं, ते असं.

पुढच्या तपासणीला रक्तदाब चढलेलाच निघाला आणि रक्तातली चरबी हवी तेवढी उतरली नव्हती. तेजश्रीनं कपाळाला आठी घातली. "काका, गोळ्या वेळेवर घेताय. मग खाण्यात काही चुकतंय का? भाज्या खाताय ना?"

"व्हय तर," सावळाराम म्हणाला. "समदं घरचंच हाय."

सरूबाई शेजारीच बसली होती. मालाच्या बाबतीत नवऱ्याच्या तोंडून खोटं तिनं कधी ऐकलं नव्हतं. आणि हे तर धड खोटंही नव्हतं. घरचंच होतं की सगळं. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तिच्या हाडीमासी मुरलेलं, म्हणून ती गप्प बसली. पण येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. राग त्याचा होता तसा स्वतःचाही होता.

तिसऱ्या दिवशी तिनं चोरी केली. स्वतःच्या रानात, स्वतःच्या हातानं लावलेल्या बिटाची. भरलेल्या क्रेटमधले चार गरगरीत बीट काढून तिनं गवताच्या भाऱ्यात दडवले आणि भारा डोक्यावर घेतला. ती बांध ओलांडते तोच मागून हाक आली.

"सरू, थांब."

सावळारामला क्रेट हलवून बघायची सवय. क्रेट ढिला वाजला आणि त्यानं ओळखलं. त्यानं भारा उतरवून घेतला, सोडला, आणि सूनबाई सुवर्णाच्या देखत ते चार बीट उचलून परत क्रेटमध्ये बसवले.

"माझ्या घरात चोर निघाला म्हणायचा," तो म्हणाला.

सरूबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "चोरी? बी मी टोचलं, खुरपलं मी, आन् चोर मीच व्हय?"

"शेतकऱ्यानं एक नंबर चाखला की त्येला चटक लागती. माझा बाप सांगायचा. आपुन चांगलं खाऊन गिऱ्हाइकाला उरलंसुरलं घालायचं, ही बेइमानी हाय."

"आन् मरायचं ही इमानदारी हाय का?"

तो क्रेट उचलायला वाकला, तशी सुवर्णानं पुढं होऊन तो स्वतः उचलला, कारण त्याला जड उचलायची मनाई होती. त्या रात्री नवराबायकोनं पाठीला पाठ लावून झोप काढली. सरूबाईला कळून चुकलं की ह्या माणसाशी भांडून उपयोग नाही. तो वाईट असता तर सोपं होतं, पण तो चांगुलपणानंच मरायला निघाला होता.

अशात यवतवरून फोन आला. त्यांची लेक ज्ञानेश्वरी यवतला दिलेली. तिचे सासरे सोपानराव, हायवेला ढाबा चालवणारे, ऐसपैस माणूस. ऑपरेशन झालं तेव्हा ते नेमके परगावी होते, म्हणून इतक्या महिन्यांनी सहकुटुंब भेटायला येतो म्हणाले. व्याही आजाऱ्याला बघायला येणार म्हणजे बडदास्त आलीच. सावळारामनं लगेच फर्मान काढलं.

"मटण करा. त्यांच्या मंडळींचा वार असला तर पनीर आणा त्यांच्या ढाब्यासारखं. पर भाजीपाला वाढू नका. इवायाला घरची भाजी घातली तर लोक म्हणतील, सावळारामाचं घर खायाला महाग झालंय."

"बरं," सरूबाई म्हणाली.

बायको एवढ्या लवकर बरं म्हणाली की नवऱ्यानं सावध व्हावं. पण सावळारामला ते उमगलं नाही. सरूबाईच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. व्याही ताटावर बसले की यजमानानं शेजारी बसायचं, ही रीत. यजमानानं घास घेतल्याशिवाय पाहुणा हात लावत नाही, हीही रीत. पाहुण्याच्या ताटात जे पडेल तेच यजमानाच्या ताटात, आणि भरल्या पंगतीत नवऱ्यानं बायकोवर ओरडायचं नाही. वर्षाकाठी असा एखादाच दिवस येतो की नवरा चारी बाजूंनी सापडतो. पण जोखीमही तेवढीच होती. तो ताटावरून उठून गेला, तर व्याह्यांच्या देखत घराची लाज जाणार होती आणि लेकीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं. आणि नाही उठला तर कदाचित नवरा वाचणार होता. तिनं लेकीला मनातल्या मनात सांगितलं, बाई, तुझ्या बापासाठी एवढं सोस.

पाहुणे यायच्या दिवशी सावळाराम धुतलेली टोपी घालून त्यांना घ्यायला फाट्यावर गेला. सरूबाई तडक रानात आली. गोकुळ टेम्पो भरत होता. तिनं एक क्रेट बिटाचा, त्यात वर दोन जांभळ्या कोबीचे गड्डे, माठाच्या जुड्या, गाजरं, वांगी असं काढून घेतलं.

"आई, आण्णा मला उभा चिरतील," गोकुळ म्हणाला.

"त्यांना म्हण आईनं घेतला. चोरून न्हाई, उजेडात."

घरी दोघी सासू-सुना कामाला लागल्या. बिटाची दाण्याचा कूट घालून कोशिंबीर. लाल माठ लसणाच्या फोडणीवर, त्याचं पाणी न ओतता. भरली वांगी सालीसकट. गाजर किसून लिंबू-कोथिंबीर घालून. बाजरीच्या भाकरी. तेल सरूबाईनं पळीनं नाही, चमच्यानं घातलं. राहिला जांभळा कोबी. इतकी वर्षं पिकवून तो ह्या घरात कधी चिरलाच नव्हता. कापल्यावर आत पांढऱ्या-जांभळ्या वळ्या निघाल्या, त्या बघून सुवर्णा हरखली. बोअरच्या पाण्याचा हबका मारून सरूबाईनं भाजी झाकून शिजायला ठेवली.

झाकण काढलं तर आत निळं. जांभळं नव्हे, निळंशार. शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखं.

"आत्या!" सुवर्णा ओरडली. "आवो, हे काय झालं? पाव्हणं म्हणतील आम्हाला इख घातलं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.  सरूबाई कढईकडं बघत उभी राहिली आणि तिला स्वतःचीच चीड आली. ज्याला बोटावर मोजून खत घातलं, ज्याची एक-एक अळी वेचली, त्या पिकाची चुलीवरची खोड आपल्याला माहीत नाही! पोरगं जन्माला घालायचं आणि लोकांच्या दारात वाढू द्यायचं, असलं हे झालं. बोअरचं पाणी मचूळ, खाराचं. त्यात कपडे धुताना हळदीचा डाग लाल होतो आणि लिंबू चोळलं की परत पिवळा होतो, हे तिनं लाखदा बघितलं होतं. हा रंगही तसलाच मानी असेल. तिनं लिंबू कापलं आणि कढईवर पिळलं.

कडेनं आधी गुलाबी लकेर उठली. मग तिनं उलथनं फिरवलं तशी सगळी भाजी वरून खालपर्यंत जांभळी-लाल झाली, पैठणीच्या काठासारखी. सुवर्णा तोंडाचा आ करून बघत राहिली.

"रंग गेला नव्हता गं," सरूबाई म्हणाली. "रुसला हुता."

पाट मांडले, ताटं वाढली. सोपानरावांच्या मंडळींना आत बायकांत बसवलं. बाहेर सोपानराव, सावळाराम आणि टेम्पो लावून आलेला गोकुळ. सावळाराम पाटावर बसला, ताटाकडं बघितलं, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या ताटातल्या बिटाशी स्पर्धा करू लागल्या. त्यानं मान वर केली. सरूबाई माजघराच्या दारात उभी होती, डोक्यावर पदर, हातात भाजीचं भांडं. एरवी ती नजर खाली घालायची. आज घातली नाही.

सावळारामनं एक हात जमिनीला टेकला. उठायच्या आधी टेकतात तसा. 

"पाव्हणं," सोपानराव मोठ्यानं म्हणाले, "रंगपंचमी हाय का काय तुमच्या ताटात?"

"बायकांची गफलत झाली," सावळाराम ओशाळून म्हणाला. "थांबा जरा, गोकुळला पाठवतो मटण..."

"आरं थांबा, थांबा." सोपानरावांनी कोबीची एक फोड चिमटीत धरून उजेडात न्याहाळली. "हा कोबी तर माझ्याबी ढाब्यावर येतो. चार पानं ताटाच्या कडंला शोभेला ठिवतो आमी. गिऱ्हाईक तशीच टाकून जातं. भाजी हुती व्हय ह्येची? आन् लागतो कसा ओ हा? तुमी तर पिकवता, तुमाला ठावं असंल."

साधा प्रश्न होता. पण सावळारामच्या तोंडचं पाणी पळालं. चांगला लागतो, एवढं म्हणाला असता तर भागलं असतं. दुसरा कुणीही तेच म्हणाला असता. पण समोरचा माणूस त्याच्या मालाबद्दल विचारत होता, आणि मालाबद्दल सावळारामनं आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. सरूबाईनं त्याच्या चेहऱ्यावर ती ओढाताण बघितली. गोकुळनं खाली ताटात बघितलं.

"मला ठावं न्हाई, पाव्हणं," सावळाराम हळू म्हणाला. "मी कवा खाल्लाच न्हाई."

"आन् बीट?"

"बीटबी न्हाई."

"म्हंजी? पुणं सगळं तुमच्या नावानं..." सोपानराव हसायला लागले, पण सावळारामच्या तोंडाकडं बघून मध्येच थांबले. मग त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून ताटाशेजारी ठेवलं. "मलाबी बीपी हाय. आमचा डॉक्टरबी ह्येच बोंबलून सांगतो. मी त्येला म्हनतो, साहेब, माझा ढाबा हाय, मला काय कमी हाय? आन् रोज खातो काय, तर गिऱ्हाइकाचं उरलेलं शेव-फरसाण. आपुन दोघं एकाच माळंचं मणी हाय, पाव्हणं. घ्या, घास घ्या. तुमी घेतल्याबिगर मला घ्यायचा न्हाई."

सावळारामनं जमिनीवरचा हात उचलला. भाकरीचा तुकडा मोडला, कोबी उचलला आणि तोंडात घातला. मग तो चावत राहिला, माल पारखताना करतो तसा, डोळे बारीक करून. मग बीट. मग माठ, भाकरीनं पुसून.  सरूबाई हातातलं भांडं खाली ठेवायचं विसरली.

"ग्वाड हाय," सावळाराम म्हणाला.  "आरं, ही आपली जमीन ग्वाड हाय, गोकुळ. मला वाटायचं, लोक नुसता रंग बघून नेत्यात."

आणि मग जी टकळी सुरू झाली ती थांबेना. हे बीट वरच्या पट्टीतलं, तिथं नदीचा गाळ आहे म्हणून त्याला ही गोडी. माठ काल संध्याकाळी पाणी देऊन पहाटे कापलेला, म्हणून कवळा. वांगं काटेरीच घ्यावं, सालीसकट खावं, दवाखान्यातल्या ताईनं सांगितलंय, सालीतच सगळं असतंय. रक्तवाहिन्यांचं अस्तरसुद्धा त्यानं सोपानरावांना समजावून दिलं, अगदी तेजश्रीच्या शब्दांत. म्हणजे त्या दिवशी त्यानं सगळं ऐकलं होतं तर! सोपानराव मान डोलावत खात होते, आणि ढाब्यावर आता ही भाजी ताटाच्या कडेला नव्हे, मध्ये वाढणार म्हणत होते. सरूबाई दारात उभी राहून ऐकत होती. आपला माणूस आपल्या रानाचं कौतुक करतोय, आणि पहिल्यांदाच ते खाऊन करतोय. तिची छाती भरून आली. असा नवरा आणि असं रान पंचक्रोशीत कुणाचं नाही, असं तिला वाटलं, आणि ते तिनं मनात लपवलंही नाही. तोंडावर सरळ दिसत होतं.

"सरू," सावळारामनं ताट पुढं केलं. "कोबी वाढ. जरा जास्त वाढ."

पाहुणे दिवेलागणीच्या आत गेले. जाताना सोपानरावांनी घरी राहिलेल्या सुनेसाठी, ज्ञानेश्वरीसाठी म्हणून बीट मागून घेतले. सावळाराम मार्केटला कमी गेलेल्या त्या क्रेटबद्दल सरूबाईला एक शब्द बोलला नाही, आणि तिनंही विचारलं नाही. त्यानं खाल्लं होतं ते पाहुण्यांसमोर, रीत म्हणून. उद्याचं काय, हे तिला अजून कळत नव्हतं आणि त्यानं तिचा जीव टांगणीला लागला होता.

पुढच्या तोड्याला सगळे रानात गेले. बिटाचा ढीग पडला. सावळाराम नेहमीप्रमाणं निवडायला बसला. पहिला क्रेट त्यानं स्वतः भरला. प्रत्येक बीट हातात फिरवून, माती पुसून, सारख्या आकाराचे बघून. गाजरं लावली, एक कोबी ठेवला. भरून झाल्यावर क्रेट हलवला. गच्च होता. गोकुळ तो टेम्पोकडं न्यायला वाकला.

"त्यो ठिव," सावळाराम म्हणाला. "त्यो आईचा हाय. बाकीचं मार्केटला."

  सरूबाईनं डोक्यावर चुंबळ ठेवली, गोकुळनं क्रेट उचलून दिला, आणि ती निघाली. पांदीनं गेलं तर घर जवळ पडतं आणि कुणी भेटत नाही. ती पांदीनं गेली नाही. रासाईच्या देवळावरून, पारावरून, भर गल्लीतून निघाली, लोक दारात बसलेले असताना.

शेतकऱ्याच्या गावात भरला क्रेट घराकडं येतो तो एकाच कारणानं. माल नाकारला गेला, कुणी घेतला नाही, की तो माघारी येतो. त्यामुळं गल्लीतल्या बायकांच्या माना वळल्या. शेजारच्या नकुशीला तर राहवेना. ती ओट्यावरून उतरून आली.

"सरूमावशे, आगं काय झालं? तुमचा माल माघारी आला? तुमचा?"

"माघारी न्हाई आला," सरूबाई थांबून म्हणाली. "इकला गेला."

"कुणी घेतला?"

लग्न झाल्यापासून उखाण्यांखेरीज सरूबाईच्या तोंडी नवऱ्याचं नाव आलं नव्हतं. आमचे हे, गोकुळचे आण्णा, घरधनी, एवढंच. पण गिऱ्हाइकाचं नाव विचारलं की ते सांगावं लागतं, आणि इतक्या मोठ्या गिऱ्हाइकाचं तर ताठ मानेनं सांगावं लागतं.

"सावळाराम रासकरांनी," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "समदा एक नंबर हाय. त्येंच्याच घरी चालला हाय."

नकुशीनं तोंडावर हात घेतला. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी वळून बघितलं. सरूबाईनं डोक्यावरचा क्रेट एका हातानं सावरला आणि ती पुढं निघाली. अजून भाकरी टाकायच्या होत्या, आणि तो रानातून यायच्या आत कोबी चिरून ठेवायचा होता.